ठेका कुणाच्या हातात?

गेल्या अंकात मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया या भागातल्या जुन्या-नव्या संगीताच्या मेळावर मी पानभर लिहिलं, तर संपादकांनी या खेपेला पत्रांची पिशवीच दुकानात आणून ठेवली. त्यातली बरीच पत्रं तबल्याच्या पुड्यांबद्दल आहेत, ती पुढच्या अंकासाठी बाजूला काढली. आज फक्त उत्तर आफ्रिका. एक आधीच सांगतो. मी गवई नाही, वाजवतोही कामापुरतं. भद्रकालीत वाद्यं दुरुस्त करायचं दुकान आहे, त्यामुळे कुठलंही संगीत मला आधी कातडं, लाकूड, तार असं कळतं आणि मग सूर म्हणून. उत्तरं त्याच वळणाची असतील.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. रात्री दार लावून काहीतरी ऐकत बसतो. एक जाड आवाजाचं तंतुवाद्य तेच तेच वाजत राहतं आणि मागे लोखंड खडखडतं. विचारलं तर म्हणतो, 'ग्नावा आहे, तुला नाही कळणार.' हे आहे तरी काय? — एक आई, इंदिरानगर

ताई, पोरगा चांगल्या संगतीत आहे. आवाज जरा कमी कर म्हणा, बाकी काळजी नको.

ग्नावा हा मोरोक्कोतला एक समाज म्हणा, पंथ म्हणा. सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम करून उत्तरेत आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांनी इस्लाम स्वीकारला, पीर-संतांची नावं घेतली, पण येताना आणलेले ठेके, नाच आणि अदृश्य शक्ती सोडल्या नाहीत. घरात कुणाचं दुखणं हटेना, मन थाऱ्यावर येईना, की 'लिला' ठेवतात. रात्री सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणारा विधी. सात रंग, त्या त्या रंगाचं वस्त्र, त्याचा वेगळा धूप, त्याची वेगळी गाणी. ज्याच्या अंगात येतं तो उठून नाचतो, आणि त्याला सांभाळायला मोकद्दमा नावाची जाणती बाई असते. तुम्हाला आपलं जागरण-गोंधळ आठवलं असेल तर ते योग्यच आहे. गोंधळी जसा संबळ-तुणतुण्यावर एकेका देवाला 'गोंधळा ये' म्हणून आवतण देतो, तसा तिथला मालेम, म्हणजे उस्ताद, एकेका शक्तीला तिच्या ठरलेल्या गाण्याने बोलावतो.

ते जाड आवाजाचं वाद्य म्हणजे गेंब्री. नाशकातलाच एक गिटारवाला पोरगा एस्साविरा या मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या गावातून ती घेऊन आला आणि ऐन आषाढात माझ्याकडे टाकून गेला. 'काका, आवाज बसलाय.' बसणारच! एका अखंड ओंडक्याला होडीसारखं कोरून खोकं केलेलं, त्यावर उंटाचं कातडं ताणलेलं. आपल्या तबल्याला गठ्ठे असतात, हातोडीने ठोकून वादी ताणता येते. इथे तसलं काही नाही. कातडं ओलं असताना ओढून मागच्या बाजूला आवळायचं आणि वाळू द्यायचं, झालं. नाशकाच्या पावसाळी हवेत ते ढिलं पडून घोडी खाली दबली होती आणि तारा दांडीला घासत होत्या. तारा म्हणजे आतड्याच्या, तीन. खुंट्या नाहीत, गोल दांडीवर चामड्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, त्या हाताने सरकवून सूर लावायचा. तीनपैकी एक तार आखूड, तिच्यावर बोट ठेवतच नाहीत, ती अंगठ्याने नुसती छेडायची. दांडीच्या टोकाला पत्र्याचं पान खोचलेलं, त्याच्या कडेने बारीक कड्या. वाजवताना त्या आपोआप छणछणतात. मी ते एका खोक्यात ठेवलं, आत साधा पिवळा बल्ब लावला आणि दोन दिवस हात लावला नाही. कातडं हळूहळू वर आलं.

मग मी ती मांडीवर घेऊन वाजवून पाहिली तेव्हा त्यातली गोम कळली. वादक तार छेडतो त्याच फटक्यात बोटांनी कातड्यावर थाप मारतो. म्हणजे सूर आणि ठेका एकाच माणसाच्या एकाच हातात. तबलजी आणि पेटीवाला असा दुजाभाव नाही. भोवती चार-सहा जण हातात लोखंडी क्राकेब घेऊन असतात, तोच तुम्हाला ऐकू येणारा खडखडाट. त्यांना लय वाढव, थांब, वळ, हे सगळं गेंब्री सांगते.

तुमचा मुलगा ऐकतो त्यात बहुधा ड्रमसेट किंवा सॅक्सोफोनही असेल, कारण गेली पन्नासेक वर्षं जगभरचे वादक या लोकांकडे जात आहेत. त्याला १९९४ मध्ये एस्साविरात ध्वनिमुद्रित झालेली मालेम महमूद गिनिया आणि अमेरिकी सॅक्सोफोनवादक फरोआ सॅण्डर्स यांची जोडी ऐकली का विचारा. सॅण्डर्स हा जॅझमधला थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनच्या ताफ्यात वाजवलेला माणूस, पण तिथे तो गेंब्रीच्या मागून येतो. कधी किंचाळतो, कधी गप्प बसतो, ठेक्याला मात्र हात लावत नाही. मिसळीचं संगीत खरं की नुसतं सजवलेलं, हे ओळखायला मी हीच एक गोष्ट ऐकतो: ठेका कुणाच्या हातात राहिलाय?

प्रश्न : जिमी हेंड्रिक्सने मोरोक्कोत एक पडका किल्ला पाहून 'कासल्स मेड ऑफ सॅण्ड' लिहिलं, हे खरं का? — गिटारचा विद्यार्थी, कॉलेज रोड

नाही. गाणं बाजारात आलं १९६७ च्या डिसेंबरात, आणि हेंड्रिक्स एस्साविराला गेला १९६९ मध्ये. तिथले हॉटेलवाले ही गोष्ट अजून सांगतात, कारण ती सांगून चहा खपतो. खरोखर तिथे राहून शिकलेला माणूस हवा असेल तर पियानोवादक रॅण्डी वेस्टन घे. तो साठच्या दशकाच्या शेवटी टॅंजिअर शहरात जाऊन राहिला, ग्नावा उस्तादांबरोबर बसला आणि पुढे आयुष्यभर त्यांना सोबत घेऊन वाजवत राहिला. रॉकच हवं असेल तर लेड झेपेलिनचे पेज आणि प्लांट १९९४ मध्ये माराकेशला जाऊन ग्नावांसोबत वाजवून आले, ते ऐक.

प्रश्न : मी नव्वदच्या दशकात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. सातपूर-अंबडच्या प्रत्येक हळदीला खालेदचं 'दीदी' मागायचे. शब्द कुणालाच कळत नव्हते. मला अजून प्रश्न पडतो, ते त्यांचं लोकगीत होतं की डिस्को? — माजी कीबोर्डवाला, सातपूर

दोन्ही. आणि तुमच्यासारख्या कीबोर्डवाल्यांचा त्यात फार मोठा हात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या प्रकाराचं नाव राई. अल्जीरियाच्या पश्चिमेला ओरान हे बंदर, तिथलं आणि आसपासच्या खेड्यांतलं हे गाणं. मुळात साथीला दोनच गोष्टी: गस्बा नावाची वेताची लांब बासरी आणि गेल्लाल नावाचा नळकांड्यासारखा, एका तोंडाला कातडं लावलेला ढोल. गाणाऱ्या बऱ्याचदा बायका असत, आणि त्या दारू, प्रेम, परक्या गावी मजुरीला गेलेला नवरा, असल्या विषयांवर सरळ तोंडावर गात. चेखा रिमिट्टी ही त्यातली थोरली. जन्म १९२३ चा, लहानपणीच पोरकी झालेली, गाण्याच्या ताफ्यांबरोबर वाढलेली. १९५४ च्या तिच्या एका गाण्याने मोठा गहजब केला, आणि १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर तिला रेडिओ-टीव्हीवर बंदी घातली. परक्यांच्या राज्यात चालली ती आपल्या राज्यात चालेना! म्हातारपणी, १९९४ मध्ये, तिच्या आवाजावर रॉबर्ट फ्रिपच्या इलेक्ट्रिक गिटारीचा आणि फ्लीच्या बेसचा साज चढवून एक अल्बम निघाला. ऐकून बघा. बाई तसूभर हललेली नाही, गिटारवाल्यांनाच जागा शोधावी लागली आहे.

आता तुमच्या बाजूचा भाग. साठच्या दशकात बेल्लेमू मसूद या ट्रम्पेटवाल्याने गस्बा बासरीच्या जागी ट्रम्पेट आणला. सत्तरच्या शेवटी आणि ऐंशीत त्लेमसेन गावातल्या रशीद आणि फेथी बाबा अहमद या भावांनी आपल्या स्टुडिओत सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घातलं. तरुण गायक यायचा, गाऊन जायचा, मग मागाहून थरावर थर चढवले जायचे. त्या कॅसेटी टॅक्सीत, लग्नात, बंदरावर वाजायच्या. सरकारी रेडिओला त्याचा पत्ता बराच उशिरा लागला. १९८५ मध्ये ओरानला राईचा महोत्सव झाला, पुढच्या वर्षी पॅरिसजवळच्या बोबिन्यीत झाला, तेव्हा कुठे त्याला बैठक मिळाली.

'दीदी' १९९२ चं. निर्माता डॉन वॉझ हा अमेरिकी. तुम्ही ते वाजवायचात तेव्हा डाव्या हातात बेस आणि उजव्या हातात ब्रासचे तुकडे घेत असाल, हो ना? ते तुकडे ऐका, त्यामागे बेल्लेमूचा ट्रम्पेट आहे, म्हणजे त्याच्याही मागे बासरी. खालेदचा गळा मात्र जुन्या वळणाचाच, स्वर लांबवून त्याला शेवटी हिसका देणारा. म्हणून ते डिस्को असूनही आपल्या हळदीच्या मांडवात परकं वाटलं नाही.

हे सगळं फुकट मिळालेलं नाही. नव्वदच्या दशकात अल्जीरियात यादवी पेटली, गाणाऱ्यांना धमक्या यायला लागल्या. प्रेमगीतं गाणारा चेब हस्नी, ओरानच्या पोरांचा लाडका, याला २९ सप्टेंबर १९९४ रोजी त्याच्याच मोहल्ल्यात गोळ्या घातल्या. वय अवघं २६. पाच महिन्यांत रशीद बाबा अहमदलाही मारलं. खालेद तोवर फ्रान्सला गेला होता. २६ सप्टेंबर १९९८ ला पॅरिसच्या बेर्सी स्टेडियममध्ये खालेद, रशीद ताहा आणि फोदेल हे तिघे मोठा वाद्यवृंद घेऊन एकत्र गायले, त्याचं ध्वनिमुद्रण मिळतं. ऑर्केस्ट्रात काम केलेल्या माणसाने ते ऐकायलाच हवं. इतक्या व्हायोलिनांमध्ये दरबुका, म्हणजे त्यांचा हाताने वाजवायचा एकतोंडी ढोल, कुठे ठेवलाय ते बघा. २०२२ मध्ये युनेस्कोने राईला वारशाच्या यादीत घेतलं.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकते. अरबी गाण्यांत गंधार मला सतत बेसूर लागल्यासारखा वाटतो. त्यांचा कान असाच आहे का? आणि पाश्चात्त्य वाद्यांबरोबर ते कसं जमवतात? — विशारदची विद्यार्थिनी, गंगापूर रोड

बेसूर नाही, तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधला आहे. रास्त नावाच्या मकामात (मकाम म्हणजे ढोबळमानाने आपला राग समज) तिसरा स्वर तिथे बसतो. ऊद या तंतुवाद्याला पडदे नसल्याने वादक तो बोटाने सहज घेतो. अडचण येते ती पियानो-कीबोर्डची. १९३२ मध्ये कैरोला अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती, हंगेरीचा संगीतकार बार्तोकसुद्धा आला होता, आणि तिथे पियानो घ्यायचा की नाही यावर कडाक्याचं भांडण झालं. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं, त्याच जातीचं. आजच्या अरबी कीबोर्डवर सप्तकातल्या प्रत्येक सुरासाठी वेगळं बटण असतं. दाबलं की तो सूर पाव स्वराने उतरतो.

पण तू 'अरबी' म्हणून सगळं एका पिशवीत भरू नकोस. मोरोक्को-अल्जीरियाच्या अंदलुसी, म्हणजे जुन्या मुस्लिम स्पेनमधून आलेल्या, संगीतात हे मधले स्वर फारसे नाहीतच. पूर्वेला ट्युनिशियात येतात, इजिप्तमध्ये भरपूर. ग्नावा तर पाच स्वरांत खेळतो, तुला तिथे दुर्गा-भूपाची सावली दिसेल. म्हणूनच जॅझवाल्यांचं ग्नावाशी लवकर जमलं आणि इजिप्तशी उशिरा.

तुझ्यासाठी ट्युनिशियाचे दोन ऊदवादक. अनवर ब्राहेम संथ, मोजकं वाजवणारा. १९९८ मध्ये त्याने सॅक्सोफोनवाला जॉन सर्मन आणि बेसवाला डेव्ह हॉलंड यांच्यासोबत केलेल्या अल्बममध्ये ढोल-तबला काहीच नाही, तरी लय सुटत नाही. दुसरा धाफर युसुफ, जो ऊदबरोबर गातोही, आणि त्याचा तार सप्तकातला आवाज ऐकून तू दचकशील. त्याच्या २०१८ च्या अल्बममध्ये तबल्यावर झाकिरभाई आहेत. झाकिरभाई तिथे स्वतःची तयारी दाखवत नाहीत; क्लॅरिनेट आणि ऊद यांच्या मध्ये जागा ठेवून बसलेले ऐकू येतात. आता ते नाहीत, त्यामुळे ते तुकडे मी जरा जपूनच लावतो.

प्रश्न : काका, मी पंचवटीतल्या ढोलपथकात ताशा वाजवते. यंदा गणपतीत क्राकेब घेऊन काहीतरी वेगळं करायचं ठरतंय. नाशिक ढोलबरोबर कोणता हात बसेल? आणि क्राकेब इथे बनतील का? — ताशावाली, पंचवटी

बनतील. कुठलाही चांगला लोहार बनवून देईल. दोन लोखंडी पट्ट्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना वाटीसारखा खोलगटपणा, मधे अरुंद. दोन्ही समोरासमोर धरून एका टोकाला कडीने जोडायच्या आणि बोटं अडकवायला दोरीचे फास. अशी एक जोडी एका हातात, दुसरी दुसऱ्या हातात. पत्रा पातळ घेतला तर डब्यासारखं वाजेल. कडा घासून घ्या नाहीतर अर्ध्या मिरवणुकीत तळहात सोलतील. चिपळ्या किंवा लाकडी करताल घेऊन 'तसंच आहे' म्हणू नका. ते छुमछुमतं, हे खणखणतं.

हात बसवण्याचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि तिथेच खरी गंमत. क्राकेबचा मूळ हात ना धड तिस्र, ना धड चतुस्र. ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत, एक किंचित ओढलेला असतो. ट्युनिशियात ग्नावांचीच भावकी म्हणावी अशी स्तंबेली परंपरा आहे, तिथे तर संथ लयीत हे ठोके ओबडधोबड असतात आणि लय चढत जाते तसतसे एकमेकांच्या जवळ येऊन सारखे होतात. कागदावर लिहिलंत की ते मेलं. कॉम्प्युटरवर मुद्रण करून सगळे ठोके रेषेला लावून 'स्वच्छ' करतात, तेव्हाही हेच मरतं. बाजारातलं निम्मं फ्यूजन म्हणूनच मला गुळगुळीत लागतं.

तुमचा ढोल मात्र सरळ चालीचा. टिपरू पडलं की पडलं. त्यामुळे सगळ्या पथकाने एकदम क्राकेबच्या मागे जाऊ नये. असं करा: ढोल पूर्ण थांबवा. ध्वजवाल्यांना मधे येऊ द्या. आठ-दहा जण क्राकेब, एक ताशा, बस्स. ताशाने काडी हलकी ठेवून फक्त पहिली मात्रा दाखवायची, मधली कलाकुसर नको. दोन-तीन मिनिटं संथ, मग चढवत न्या, ठोके सारखे व्हायला लागले की तिथे टोलावर इशारा आणि ढोल आत. तो सांधा जमला तर रविवार कारंजावर लोक थांबून बघतील. नाही जमला तर सांधा काढून टाका आणि क्राकेब वेगळा तुकडा म्हणून वाजवा, त्यात कमीपणा काही नाही.

गेंब्री मिरवणुकीत आणायचा विचार कुणी मांडला असेल तर नाही म्हणा. घोडीखाली पिकअप लावून स्पीकरवर तिचा आवाज काढतात, मोठ्या रंगमंचावर सगळेच काढतात, पण ऐंशी ढोलांपुढे ती बुडेल आणि भाद्रपदाच्या पावसात कातडं जाईल ते वेगळं. आणखी एक. आयशा कंदिशा या अदृश्य शक्तीचं गाणं यूट्यूबवर सापडेल, चाल पकडणारी आहे, पण लिलेत ते दिवे मालवून म्हणतात. ते मिरवणुकीत घेऊ नका. दुसरी पुष्कळ आहेत.

प्रश्न : आपले लेख आवडीने वाचतो, पण आपण या भेसळीचं कौतुक का करता ते उमजत नाही. विधीचं संगीत उचलून रंगमंचावर आणायचं, गिटार जोडायची, तिकीट लावायचं. उद्या आपल्या गोंधळाचंही हेच होईल. — निवृत्त शिक्षक, देवळाली कॅम्प

सर, आपल्या रागाशी मी निम्मा सहमत आहे. १९९८ पासून एस्साविरात ग्नावांचा मोठा महोत्सव भरतो. बाहेरचा कुणी गिटारवाला किंवा ड्रमर बोलावतात, त्याला एखाद्या मालेमसोबत थोडे दिवस तालमीला बसवतात आणि मग हजारोंसमोर उभं करतात. त्यातले काही प्रयोग बघवत नाहीत. रात्रभराच्या विधीचे वीस मिनिटांत तुकडे होतात, क्राकेबवाले मागे रांगेत उभे राहून उड्या मारतात, आणि पाहुणा पुढे सोलो वाजवत सुटतो. त्याला मी भेसळच म्हणेन.

पण दुसरी बाजूही मांडतो. महोत्सवाआधी या लोकांना मोरोक्कोत फार मान होता असं नाही. भीक मागणारे, भूतबाधा काढणारे, हीच ओळख. २०१९ मध्ये युनेस्कोने ग्नावा परंपरेची नोंद घेतली, तोपर्यंत मालेमांची पोरं पासपोर्ट घेऊन जगभर फिरत होती. आणि मुली! गेंब्री पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्याच हातात राहिली. कासाब्लांकाची अस्मा हम्झाउई वडिलांकडून, म्हणजे मालेमकडूनच, ती शिकली आणि आता मुलींचा ताफा घेऊन वाजवते. रंगमंच नसता तर तिला बसायला जागा कुठे होती, हे मला आपण सांगा.

आणि मिसळ दर वेळी बाहेरचाच करतो असंही नाही. नास अल गिवान हा ताफा घ्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कासाब्लांकाच्या हय मोहम्मदी या कामगार वस्तीतून उभा राहिला. गावागावांतून मजुरीला आलेल्यांची वस्ती, आपल्या सिडको-अंबडसारखीच. मंडळी नाटकातून आलेली. त्यांनी एस्साविरातला एक ग्नावा उस्ताद गेंब्रीसाठी घेतला, त्याला सगळे पाको म्हणत, आणि शेजारी चक्क बँजो बसवला. कुठलीही कंपनी, कुठलाही परदेशी निर्माता नाही. जुनी लोकवचनं, सुफी ओळी आणि पोटाच्या गोष्टी एका गाण्यात आल्या. अहमद अल मानुनी यांनी १९८१ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला, तो अमेरिकी चित्रपट दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेझी यांना इतका भावला की जुने चित्रपट वाचवायला त्यांनी संस्था काढली तेव्हा २००७ मध्ये पहिला दुरुस्त केला तो हाच. त्यात प्रेक्षकांतली पोरं भान हरपून मंचावर चढतात, ते दृश्य बघा आणि मग मला लिहा, हे विधीपासून लांब गेलं की विधीच गल्लीत आला.

आपल्या गोंधळाची काळजी मलाही आहे. पण माझ्याकडे संबळ दुरुस्तीला येतो तो पडून राहून कीड लागलेला जास्त, फार वाजवून फुटलेला कमी. जाता जाता एक नाव देतो: ट्युनिशियाचा सोफियान बेन युसुफ, जो 'अम्मार ८०८' या नावाने काम करतो. ८०८ हा ड्रम मशीनचा नंबर. त्याने चेन्नईत येऊन तिथल्या तमिळ गायक-वादकांबरोबर एक अल्बम केला, २०२० मध्ये आला. तो आपल्याला आवडणार नाही याची मला जवळजवळ खात्री आहे. तरी मोठ्या स्पीकरवर ऐका, मोबाईलवर नको. त्यातला खर्ज मोबाईलमध्ये ऐकूच येत नाही आणि मग नुसता गोंगाट उरतो.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. वाळवंटातल्या एका माणसाने डब्याची गिटार बनवली होती असं तुम्ही लिहिलं होतं. मलाही बनवायची आहे. कशी बनवू? — ओझरहून

त्याचं नाव इब्राहिम अग अलहबीब. तुआरेग जमातीचा, मूळ मालीच्या उत्तरेचा. चार वर्षांचा असताना, १९६३ च्या बंडात, त्याच्या वडिलांना मारलं आणि तो निर्वासित म्हणून अल्जीरियाच्या वाळवंटात वाढला. एका सिनेमात काउबॉयला गिटार वाजवताना बघून त्याने पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार घेऊन स्वतःची केली. पुढे तमनरासेत गावात मित्र जमवून त्याने तिनारिवेन हा ताफा काढला, आणि २०१२ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. त्यांच्याकडच्या बायका तिंदे वाजवतात, म्हणजे धान्य कांडायच्या उखळाच्या तोंडावर शेळीचं कातडं ताणायचं आणि त्यावर थाप. गिटार त्या ठेक्यावर चालते, शिवाय टाळ्या.

आता तुझी गिटार. तेलाचा पाच लिटरचा चौकोनी पत्र्याचा डबा घे, प्लास्टिकचा नको. काठी म्हणून जुन्या खाटेचा सरळ गात चालेल, डब्यातून आरपार घाल, नाहीतर ताणाने वाकेल. ब्रेकची तार पिळाची असते, तिचा एकेक धागा सोडवून तो वापर, सगळी तार जाड पडते. घोडीला पेन्सिलचा तुकडा. दोनच तारा लाव; एक मोकळी वाजत ठेवायची, दुसरीवर बोट. पत्र्याला भोक पाडायचं काम वडिलांकडून करून घे आणि कडांवर कापडी चिकटपट्टी लाव. सूर लागत नसेल तर दुकानात घेऊन ये, सोमवारी बंद असतं.